विहिरीतलं मीठ धरून की सोडून?

अकोल्याहून मला घरी आणलं तेव्हा मी 53 वर्षांचा होतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, खिशात गोळ्यांची यादी आणि यादीच्या तळाशी डॉक्टरांनी लिहिलेली एक ओळ : मीठ कमी, तेल कमी, भाजी-फळं जास्त. भेटायला आलेली माणसं निघून गेल्यावर मी ती ओळ अम्मीला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, ''नमक कम बोले तो कित्ता कम? कुएँ का धरके, के छोडके?''

मीठ कमी म्हणजे किती कमी? विहिरीतलं धरून की सोडून?

पुढच्या खेपेला मी हा प्रश्न डॉक्टरांना सांगितला. ते आधी हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, ''तुमच्याकडे पाणी कुठलं?''

श्रोतेहो, हृदयविकार आणि आहार हा विषय रेडिओवर काही नवा नाही. परंतु संग्रामपूर तालुक्यात बसून या विषयाकडे पाहिलं, की त्याला एक इतिहास आहे हे ध्यानात येतं. तो इतिहास पाण्याचा आहे, मिठाचा आहे, ज्वारीचा आहे आणि तेलाच्या डब्याचाही आहे. मी वैद्य नाही, बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण जो दुखण्यातून जातो, तो थोडंफार वाचत राहतो. त्या वाचनातून आणि घरच्या आठवणींतून जे हाती लागलं ते सांगतो.

आमच्या तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा. डोंगराच्या पायथ्याशी पाणी गोडं. तिथून पूर्णेच्या बाजूला उतरू लागलं, की विहिरीचं पाणी जिभेला वेगळं लागू लागतं. हाच खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली सुमारे नऊशे गावं त्यात येतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खोल काळ्या गाळात क्षार अडकून बसलेले आहेत, निचरा होत नाही, आणि वरून कितीही चांगली दिसली तरी जमीन आतून खारी आहे. अशा पाण्यात डाळ शिजत नाही. चहात दूध टाकलं की कधी कधी फाटतं. लहानपणी आम्ही वानच्या पात्रात झिरे खणून गोडं पाणी आणायचो, ते पिण्यापुरतं. बाकी सगळं खाऱ्यात. पट्ट्यातल्या गावात मुलगी द्यायला लोक बिचकत, ते उगाच नाही.

डाळ शिजत नाही म्हणून बाया तिच्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकत. आता कळतं, सोडा म्हणजेही सोडियमच. म्हणजे पाण्यातलं मीठ, त्यावर सोडा, त्यावर चवीचं मीठ, आणि ताटात बाजूला लोणचं, पापड, ठेचा.

या जिल्ह्याचं आणि क्षाराचं नातं फार जुनं. आमचं लोणार सरोवर सगळ्यांना ठाऊक आहे. लवणासुराची कथाही ठाऊक आहे. अबुल फजलनं अकबराच्या काळात 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती दिली, तेव्हा लोणारची नोंद करताना तिथं काच आणि साबण करण्याचा माल सापडतो असं लिहून ठेवलं. आणि पूर्णाकाठी एके काळी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठही काढलं जाई. इंग्रजांच्या मिठाच्या मक्तेदारीत ते बंद पडलं. एप्रिल 1930 मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा वऱ्हाडातल्या सत्याग्रहींपुढे प्रश्न उभा राहिला : समुद्र तर इथून शेकडो मैल लांब, मीठ करायचं कुठं? त्यांनी अकोला जिल्ह्यातलं दहीहांडा गाव निवडलं. तिथल्या विहिरीचं पाणी आटवून त्यांनी कायदा मोडला. ज्या पाण्यानं पिढ्यान्पिढ्या लोकांना गांजलं, ते एकदा तरी देशाच्या कामी आलं.

मिठाचा कर 1947 मध्ये गेला. गरिबाला मीठ मिळावं म्हणून माणसं तुरुंगात गेली, आणि आज त्याच गरिबाच्या नातवाला डॉक्टर सांगतात, मीठ सोड. यात गांधीजी चुकले असं कुणी समजू नये. उन्हात वखर हाकणाऱ्याच्या घामातून मीठ वाहून जात होतं. भाकरीवर मिठाचा खडा आणि मिरची ही त्याची गरज होती. आज तोच मिठाचा हात आहे, पण माणूस खुर्चीवर बसलेला आहे. मी स्वतः 30 वर्षं खुर्चीवर बसलो.

जुन्या शास्त्रकारांना हे कळत नव्हतं असंही नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात तीन वस्तू अति प्रमाणात खाऊ नयेत असं सांगितलं आहे : पिंपळी, क्षार आणि लवण. तिथं आणखी एक निरीक्षण आहे, ते वाचून मी थबकलो. ज्या भूमीत क्षार फार, तिथं वनस्पती उगवत नाहीत किंवा उगवल्या तरी निस्तेज राहतात. मीठ फार खाणाऱ्या माणसाचंही तसंच होतं, असा त्याचा आशय. हे कुणी पूर्णेच्या काठावर उभं राहून लिहिलेलं नाही, पण आमच्या खारट रानातलं हरभऱ्याचं पीक पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडच्या युनानी हकिमांचा शब्द परहेज, वैद्यांचा शब्द पथ्य. दोघांच्या पुड्या वेगळ्या असतील, पण हात आवरायला दोघेही सांगत.

तरी मिठाला आपल्या भाषेत मोठा मान आहे. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. निमकहराम ही शिवी आहे. ज्यात राम नाही ते अळणी. खजूर घरात नसली तर चिमूटभर मिठावर रोजा सोडणारी जुनी माणसं मी पाहिली आहेत. असा पदार्थ ताटातून कमी करा म्हणणं सोपं नसतं. कवीला तर नाहीच नाही.

आता रक्तदाबाची गोष्ट. मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध पॅरिसमध्ये 1904 साली दोन फ्रेंच डॉक्टरांनी मांडला होता. पण त्याचा उपचार म्हणून मोठा प्रयोग केला तो वॉल्टर केम्पनर यांनी. हिटलरच्या जर्मनीतून निघून ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात आले. 1939 पासून त्यांनी मूत्रपिंड आणि रक्तदाबाच्या अत्यवस्थ रोग्यांना नुसता भात, फळं, फळांचा रस आणि साखर यांवर ठेवलं. मीठ जवळजवळ शून्य. एका शेतकरी बाईला त्यांनी दोन आठवड्यांनी यायला सांगितलं. त्यांच्या जर्मन उच्चारामुळे तिनं दोन महिने ऐकलं, अशी हकिकत सांगतात. दोन महिने ती बिनमिठाचा भात खात राहिली आणि परत आली तेव्हा तिचा दाब उतरलेला होता. त्या काळी अशा रोग्यासाठी डॉक्टरकडे दुसरं फारसं काही नव्हतं. अर्थात इतकं कडक पथ्य जन्मभर निभावणारी माणसं थोडीच.

आपल्या मुंबईनंही या बाबतीत जगाला काही दिलं आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीचा रक्तदाबाच्या रोग्यांवर केलेला अभ्यास 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष तिच्याकडे गेलं. 1957 मध्ये त्यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. हे ऐकून कुणी मुळ्या उगाळत बसू नये. त्यातून निघालेल्या औषधाचे दुष्परिणाम होते, आणि आज त्याहून चांगल्या गोळ्या आहेत. त्या गोळ्या खायच्याच. पथ्य गोळीच्या जोडीला असतं.

पाण्याचा हिशेब मी पुढे स्वतः मांडून पाहिला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. समजा, विहिरीच्या एका लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळलेलं आहे. आमच्या उन्हाळ्यात माणूस चार लिटर पाणी सहज पितो. चार ग्रॅम तर पाण्यातच गेले. मग भाजीत, वरणात, भाकरीत घालायला उरलं काय? आणि पाणी उकळल्यानं मीठ जात नाही, उलट दाट होतं. अम्मीचा प्रश्न अडाणी नव्हता.

असाच प्रश्न बांगलादेशात खुलना जिल्ह्यातल्या दाकोप भागात विचारला गेला. तिथं समुद्राचं पाणी आत शिरून पिण्याचं पाणी खारं झालं. संशोधकांनी पाहिलं, की कोरड्या ऋतूत तिथली माणसं नुसत्या पाण्यातून दिवसाच्या मर्यादेहून अधिक सोडियम घेतात, आणि गरोदर बायांत रक्तदाब वाढलेला दिसतो. पुढच्या अभ्यासांनी एक पुस्तीही जोडली : पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असेल तर परिणाम इतका सरळ राहत नाही. म्हणून आपल्या विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्यावं, जिभेवर विसंबू नये. आमच्या भागात मूत्रपिंडाचे रोगी घरोघरी दिसू लागल्यापासून लोक पाण्याकडे बोट दाखवतात. मूत्रपिंड आणि रक्तदाब यांचं तर चक्रच आहे. एक बिघडलं की दुसरं बिघडतं, आणि हृदय त्या दोघांचं ओझं वाहतं.

हे झालं मिठाचं. पण माझ्या छातीतला अडथळा नुसत्या मिठानं झाला नाही. तिथं तेलाचा आणि धान्याचा इतिहास येतो.

खामगावला रेल्वेचा फाटा 1870 मध्ये सुरू झाला. त्याच्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. का आले? कापसासाठी. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. ज्वारीच्या रानात कापूस आला. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत या सुपीक मुलखात माणसं उपाशी मेली. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळाच्या संबंधावर सबंध ग्रंथ लिहिला आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण जुना आहार किती चांगला होता असं म्हणताना आपण विसरतो, की पुष्कळांना तो पोटभर मिळत नव्हता.

तरी जे मिळत होतं ते पाहा. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, घोळ, चिवळ, तांदुळजा. घाण्यावरचं जवसाचं किंवा करडईचं तेल, तेही पळीनं मोजून. गोश्त आमच्या घरी आठवड्यातून एकदा, तेही दहा माणसांत पावभर, आणि त्यात डाळ किंवा दुधी टाकून वाढवलेलं. गोड सणाला. माझ्या यादीच्या तळाशी डॉक्टरांनी जे लिहिलं, तेच दादी न लिहिता वाढत होती. तिच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता, इतकंच.

मग पिवळ्या डब्यातला डालडा आला. हे नाव बाजारात आलं 1937 मध्ये, मुंबईच्या शिवडीच्या कारखान्यातून. तुपासारखं दिसणारं आणि तुपाहून स्वस्त. आमच्या मोहल्ल्यात लग्नाच्या बिर्याणीत डालडा असणं ही एके काळी ऐपतीची खूण होती. रिकाम्या डब्यात तुळस लावत, आम्ही पाणी भरून ठेवत असू. द्रवरूप तेल हायड्रोजनच्या साहाय्यानं घट्ट करताना त्यात जो ट्रान्स फॅट तयार होतो, तो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगलं घटवतो, हे 1990 मध्ये डच संशोधकांनी दाखवून दिलं. डेन्मार्कनं 2003 मध्ये त्यावर कायद्यानं मर्यादा घातली. आपल्याकडे तेला-तुपातलं त्याचं प्रमाण दोन टक्क्यांवर आणलं गेलं ते जानेवारी 2022 पासून. डालडा ते कायदा, मध्ये 85 वर्षं गेली. माझे अब्बा त्या 85 वर्षांतच जगले आणि त्यातच छातीच्या कळेनं गेले. बिर्याणी त्यांच्या आवडीची होती.

ज्वारीचंही तसंच झालं. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त, रानात सोयाबीन, आणि भाकरी थापायला कुणाला वेळ नाही. घराघरांत पोळी आली, मग मैद्याचं सगळं आलं. शेगावच्या कचोरीला मी नावं ठेवणार नाही. स्टेशनवर उतरून ती न खाता पुढे जाणं माझ्याच्यानं पूर्वी झालं नाही. पण ती प्रवासातली गंमत होती, ती रोजची न्याहारी झाली. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा शहरातल्या दुकानांत ज्वारी पुड्यांत दिसू लागली. मी ती किंमत पाहून हसलो आणि परत ठेवली.

जवसाची गोष्ट अशीच. फ्रान्समध्ये लिओं शहरात एकदा झटका येऊन गेलेल्या 605 रोग्यांचा अभ्यास झाला. 1994 मध्ये त्याचा निष्कर्ष आला. अर्ध्या रोग्यांना भाज्या, फळं, धान्य आणि विशिष्ट स्निग्ध द्रव्य असलेला आहार दिला होता, त्यांच्यात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं. त्या द्रव्यात अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर होतं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास तेच आम्ल असतं. म्हणून जवसाची चटणी खावी. मात्र आमच्याकडची जवसाची चटणी म्हणजे अर्धं मीठ आणि अर्धं तिखट. तीच गत ठेच्याची. दादीच्या ताटात औषध होतं आणि त्याच ताटाच्या डाव्या बाजूला थोडं दुखणंही वाढलेलं होतं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांचं आणि माझं इथं जमत नाही.

आणि घाई कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. जगभरातल्या 52 देशांतल्या झटका आलेल्या रोग्यांचा इंटरहार्ट नावाचा अभ्यास झाला. त्याच्या 2007 मधल्या एका लेखानुसार आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो, इतरांना जवळजवळ 59 व्या. मी सरासरी पाळणारा निघालो.

फिनलंडमध्ये उत्तर कारेलिया नावाचा भाग आहे. जंगल, गाई, थंडी. तिथले पुरुष ऐन उमेदीत हृदयविकारानं मरत होते. 1971 मध्ये तिथल्या लोकप्रतिनिधींनीच सरकारकडे अर्ज केला, की काही तरी करा. 1972 मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. लोणी कमी, मीठ कमी, भाज्या आणि रानातली बोरं जास्त, धूम्रपान बंद. बायांच्या मंडळांनी स्वयंपाक बदलला, कारखानदारांनी सॉसेजमधलं मीठ कमी केलं. पुढच्या चाळीसेक वर्षांत कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. मला या हकिकतीतला अर्ज महत्त्वाचा वाटतो. एका जिल्ह्यानं आपलं दुखणं एकेकट्याच्या जिभेवर न ढकलता सगळ्यांचं मानलं. आमच्याकडे वान धरणाच्या पाण्यावर जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या 140 गावांसाठी योजना झाली, ती पाण्याची म्हणून. माझ्या लेखी ती हृदयाचीही योजना आहे, आणि ज्या दिवशी नळाला पाणी येत नाही तो दिवस दवाखान्याच्या हिशेबात धरायला हवा.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. चीनमध्ये 600 खेड्यांत सुमारे 21 हजार लोकांवर त्याचा प्रयोग झाला. 2021 मध्ये निष्कर्ष आला, की पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी घटलं. पण ज्यांची मूत्रपिंडं आधीच अधू होती, त्यांना त्या प्रयोगात घेतलंच नव्हतं. अशा माणसाच्या शरीरातून पोटॅशियम बाहेर पडत नाही, साठतं, आणि साठलं की हृदयाचे ठोकेच बिघडवतं. जे मीठ चीनच्या खेड्यात तारतं, ते आमच्या पट्ट्यात एखाद्याला मारूही शकतं. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून ते आणू नये. आधी रक्ततपासणी करून क्रिएटिनिन पाहावं, डॉक्टरांना विचारावं. मूत्रपिंडाच्या रोग्यानं पालेभाज्या आणि फळंसुद्धा विचारूनच खावीत.

आमच्या घरात आता दोन माठ आहेत. एक नळाच्या गोड्या पाण्याचा, पिण्याला आणि वरणाला. दुसरीकडे टाकीत खारं, भांड्यांना. डाळ रात्री भिजत घालतो, सोडा बंद. भाकरी ज्वारीची, ठेच्यात मीठ नाही, वरून लिंबू पिळतो. पहिला महिनाभर सगळं अळणी लागलं. मग जीभ वळली, आणि एका लग्नात जेवलो तर भाजी तोंडात धरवेना. लोणच्याची बरणी अम्मीनं माझ्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवली आहे. ती 80 च्या पुढची, मी साठीकडे चाललेला, आणि तरी मी तिच्या नजरेला भितो.

परवा चार दिवस नळ आला नाही. विहिरीच्या पाण्यात वरण शिजलं. मी ताटावर बसलो, पहिला घास घेतला आणि म्हणालो, आज मीठ बरोबर आहे. अम्मी म्हणाली, ''आज मैं डाली च नई.''